एंटरप्राइज वेब प्रोग्रामिंग म्हणजे काय? पुण्याच्या एका प्रगत अभ्यासक्रमाची ओळख



बारावी गणित शाखेत शिकणाऱ्या आपल्या एका विद्यार्थिनीचे आईवडील मध्यंतरी कार्यालयात आले होते. हातात एका खासगी क्लासचे रंगीत पत्रक होते. सहा महिन्यांत एंटरप्राइज वेब डेव्हलपर, नोकरीची शंभर टक्के हमी, फी भरण्यास दोन दिवसांची मुदत, असे त्यावर छापलेले. आई म्हणाल्या, “सर, जळगावच्या आमच्या भाच्यानं असाच कोर्स पुण्याला केला, आता कंपनीत लागला. हिलाही बारावी झाल्याबरोबर पाठवून देऊ का? दागिने मोडावे लागतील, पण मोडू.”

आम्ही त्यांना थांबा म्हटले. पण का थांबायचे हे दहा मिनिटांत नीट सांगता आले नाही. चौकशी केल्यावर समजले की भाच्याने केलेला कोर्स सी-डॅकचा होता, आणि तोही बी.ई. झाल्यानंतर. पत्रकातला कोर्स वेगळा. नावे मात्र इतकी सारखी की कोणाचाही घोटाळा व्हावा. असाच प्रश्न आणखी घरांत असणार, म्हणून या अंकात थोडे सविस्तर लिहीत आहोत. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. कॉम्प्युटर आम्ही नोकरीला लागल्यावर शिकलो. तेव्हा ज्यांना हा विषय अवघड वाटतो त्यांची अडचण आम्हाला चांगली ठाऊक आहे.

आधी शाळेतलीच एक गोष्ट. काही वर्षांपूर्वी फीचा हिशेब आम्ही वहीतून कॉम्प्युटरवर आणला. एका ओळखीच्या माणसाने प्रोग्राम करून दिला. एका कॉम्प्युटरवर तो उत्तम चालला. पुढे जुलैत गर्दी वाढली म्हणून दुसरी खिडकी उघडली, तेथेही एक कॉम्प्युटर ठेवला आणि दोन्हीकडे तीच फाइल उघडली. पहिल्या बाबूंनी सकाळपासूनच्या नोंदी दुपारी जतन केल्या. दुसऱ्या बाबूंनी पाच मिनिटांनी आपल्या नोंदी जतन केल्या. दुसऱ्यांच्या फाइलीत पहिल्यांच्या नोंदी नव्हत्याच, त्यामुळे त्या पुसल्या गेल्या. संध्याकाळी पेटीत पैसे जास्त आणि हिशेबात पावत्या कमी. आम्हाला वाटले बेरीज चुकली असेल. महिनाभराने फी भरलेल्या मुलांच्या घरी बाकीची चिठ्ठी गेली. एक वडील पॉवरलूमवरची पाळी सोडून आले आणि काही न बोलता पावती टेबलावर ठेवली. चूक आमची होती आणि सगळ्या वर्गासमोर नाव मात्र त्यांच्या मुलाचे वाचले गेले होते.

एंटरप्राइज प्रोग्रामिंग कशासाठी असते ते आम्हाला त्या दिवशी कळले. एंटरप्राइज म्हणजे पेढी, कारखाना, बँक, रेल्वे, सरकारी खाते; जिथे एकच हिशेब एकाच वेळी अनेक हातांनी लिहिला जातो अशी कोणतीही जागा. वेब ॲप्लिकेशन म्हणजे तो हिशेब दुरून, ब्राउझर उघडून लिहिण्या-वाचण्याची सोय. प्रवेशाचा आणि परीक्षेचा फॉर्म भरायला तुम्ही एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर जाता. २००६ साली मध्य प्रदेश सरकार आणि टीसीएस यांनी मिळून ती कंपनी काढली. तेथे जो फॉर्म भरता तो अशाच ॲप्लिकेशनचा दर्शनी भाग आहे. छान रंगीत पान तयार करणे हा त्यातला सोपा भाग. दोन खिडक्यांवरच्या दोन बाबूंनी एकमेकांच्या नोंदी पुसू नयेत, ही खरी परीक्षा.

रेल्वेचे उदाहरण घेऊ, कारण ते प्रत्येक घरात माहीत आहे. ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीने इंटरनेटवर तिकिटे द्यायला सुरुवात केली. पहिल्यांदा तिकीट कुरियरने घरी येत असे. २००५ पासून ई-तिकीट आले. २०१४ मध्ये नवी यंत्रणा बसवली तेव्हा मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर गेली. आता असे समजा की झेलम एक्स्प्रेसची पुण्यापर्यंतची एकच बर्थ शिल्लक आहे. अकरा वाजता स्लीपरचे तत्काळ उघडले. बुऱ्हाणपुरात तुम्ही आणि खंडव्यात आणखी कोणी, दोघांनीही बटण दाबले. प्रोग्राम प्रथम वाचतो, एक बर्थ आहे. दोघांनाही तेच उत्तर मिळते. मग दोघांचे पैसे घेऊन दोघांनाही तीच बर्थ द्यायची का? म्हणून डेटाबेस त्या बर्थच्या ओळीला कुलूप घालतो. ज्याची मागणी एका क्षणाने आधी पोचली त्याचे काम पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला थांबावे लागते. नंतर दुसरा पाहतो तेव्हा बर्थ संपलेली असते आणि त्याला वेटिंग मिळते. दोघांपैकी कोणावरही अन्याय नाही.

दुसरा नियम असा की काम सगळे व्हावे किंवा काहीच होऊ नये. बर्थ लिहिली पण नाव लिहिले नाही, अशी अर्धी नोंद राहता कामा नये. अशा एका पूर्ण व्यवहाराला ट्रान्झॅक्शन म्हणतात. या विषयावरील कामासाठी जिम ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. संगणकशास्त्रात याहून मोठा मान नाही. तुम्ही विचाराल, सर, मग पैसे कापले जातात आणि तिकीट येत नाही, असे कसे होते? प्रश्न बरोबर आहे. बँकेचा हिशेब एकीकडे आणि रेल्वेचा दुसरीकडे. दोन वेगळ्या घरांच्या वह्यांना एकाच क्षणी कुलूप घालणे कठीण असते. मधेच संपर्क तुटला तर एका वहीत नोंद होते, दुसरीत होत नाही. मग मागाहून दोन्ही वह्या पडताळून पैसे परत करतात. हे पडताळणीचे कामसुद्धा कोणीतरी प्रोग्राम लिहूनच केलेले असते.

आणखी एक गोष्ट नवीन मुलांना चकित करते. वेबचा सर्व्हर मुळात विसराळू आहे. तुम्ही एक पान मागितले, त्याने दिले आणि तुम्हाला विसरला. पुढच्या क्लिकला तुम्ही त्याच्यासाठी परके. म्हणून पहिल्या वेळी नाव आणि पासवर्ड तपासून तो तुम्हाला एक बिल्ला देतो आणि ब्राउझर प्रत्येक वेळी तो बिल्ला दाखवतो. कियोस्कवर काम झाल्यावर लॉगआउट केले नाही तर तुमचा बिल्ला तेथेच राहतो आणि पुढचा माणूस तुमच्या नावाने आत जाऊ शकतो. एवढे तरी आजच लक्षात ठेवा.

कुंडी भंडारा आणि तीन थर

आपल्या गावचा कुंडी भंडारा तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. मोगल काळात, १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखाना यांच्या वेळी तो बांधला गेला. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीतही त्याचे नाव आले. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने अडवले, ते उताराने एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत गेले आणि शेवटी नळांनी शहरात आले. वरून पाहणाऱ्याला फक्त विहिरीसारखे गोल तोंड दिसते.

वेब ॲप्लिकेशनची रचना मुलांना समजावताना आम्ही हेच उदाहरण देतो. ब्राउझरमधले पान हे ते गोल तोंड. ते एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट यांनी तयार होते. त्याच्या खाली मधला थर, ज्यात नियम असतात: फी कोणाला माफ, बर्थ कोणाला आधी, शिष्यवृत्ती कोणत्या अटीवर. हा थर जावा किंवा तशाच दुसऱ्या भाषेत लिहितात. सर्वांत खाली डेटाबेस, म्हणजे साठा, आणि त्याच्याशी बोलायची भाषा एसक्यूएल. वरच्याने थेट साठ्यात हात घालायचा नाही, मधल्या थरातूनच जायचे. आमच्या फीच्या प्रोग्राममध्ये मधला थर नव्हताच. दोन्ही बाबू थेट साठ्यात बादली टाकत होते.

उदाहरण फार ताणू नये. पाणी एकाच दिशेने वाहते, माहिती दोन्हीकडे जाते. पण थर म्हणजे काय ते एवढ्याने कळते.

मधल्या थरासाठी आपल्याकडच्या कोर्समध्ये जावाच फार शिकवतात. तिची नावे इतकी बदलली आहेत की जुनी पुस्तके पाहून मुले गोंधळतात. १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने जावा आणली. तिचा मोठ्या पेढ्यांसाठीचा संच १९९९ मध्ये जे-टू-ईई नावाने आला, २००६ मध्ये तो जावा ईई झाला. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि २०१८ मध्ये संचाचे नाव जकार्ता ईई पडले. मधल्या काळात, २००४ मध्ये, स्प्रिंग नावाची वेगळी चौकट आली, आणि आज बहुतेक ठिकाणी तिच्यावरच काम चालते. जुन्या दुकानात एखादे जाडजूड जे-टू-ईईचे पुस्तक स्वस्तात मिळाले तर त्यातली कल्पना वाचा, पण त्यातला प्रोग्राम जसाच्या तसा चालेल अशी अपेक्षा ठेवू नका.

भाच्याने केलेला कोर्स

१९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेने आपल्याला हवा तसा क्रे महासंगणक देण्यास नकार दिला. मार्च १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था सुरू झाली आणि १९९१ मध्ये तिने परम ८००० हा महासंगणक तयार केला. त्या कामाचे प्रमुख डॉ. विजय भटकर. त्यांचा जन्म १९४६ चा, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचा. म्हणजे आपल्या शेजारच्या वऱ्हाडातले. १९९३ मध्ये सी-डॅकने प्रशिक्षणासाठी ॲक्ट्स नावाची शाळा काढली. ॲडव्हान्स्ड कॉम्प्युटिंगचा डिप्लोमा, ज्याला मुले नुसते डॅक म्हणतात, तो तिचा प्रसिद्ध कोर्स. पुढे त्याला पीजी-डॅक म्हणू लागले.

कोर्स सुमारे २४ आठवड्यांचा आणि ९०० तासांचा आहे. भागून पाहा, आठवड्याला साडेसदतीस तास होतात. सहा दिवस धरले तरी रोज सहा तासांहून जास्त, आणि वसतिगृहावर जाऊन करायचा अभ्यास वेगळा. जावा, डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, वेबची तंत्रे, मग जावातले वेब प्रोग्रामिंग, मायक्रोसॉफ्टचे डॉटनेट आणि शेवटी गटाने करायचा प्रोजेक्ट असा क्रम असतो. प्रवेशासाठी सी-कॅट ही परीक्षा द्यावी लागते. तिच्यात इंग्रजी, अंकगणित, तर्क आणि संगणकाची मूळ तत्त्वे विचारतात आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात.

पालकांनी नीट वाचावे असे यापुढे आहे. हा कोर्स बारावीनंतर मिळत नाही. अभियांत्रिकीची पदवी, एमसीए किंवा संगणकासारख्या विषयातली एम.एससी. अशी पात्रता लागते आणि गुणांची अट असते. बीसीए करणाऱ्याने पुढे एमसीएचा हिशेब धरूनच चालावे. अटी आणि फी त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहूनच ठरवा. फी लाखाच्या घरात जाते आणि पुण्यातले राहणे-जेवणे वेगळे. कोर्सच्या शेवटी कंपन्या मुलाखतीला येतात, पण नोकरीची हमी कोणतीही प्रामाणिक संस्था देत नाही, देऊही शकत नाही. २००१ मध्ये आणि २००८ नंतर या धंद्यात मंदी आली तेव्हा चांगली शिकलेली मुलेसुद्धा घरी बसली होती.

खासगी क्लास सगळे वाईट असतात असे आमचे म्हणणे नाही. काही ठिकाणी मनापासून शिकवतात. पण आपल्याच काही माजी विद्यार्थ्यांकडून पूर्ण फी आगाऊ घेऊन एक क्लास तिसऱ्या महिन्यात कुलूप लावून गेला, हेही आम्ही पाहिले आहे. म्हणून पत्रक आले की तीन गोष्टी विचारा. शिकवणारे कोण आहेत, फी हप्त्याने घेता का, आणि मागच्या तुकडीतल्या दोन मुलांशी बोलता येईल का. तिसऱ्या प्रश्नावर पुष्कळदा फोन ठेवला जातो.

इंग्रजीची भीती आपल्या मुलांना फार असते. ती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पुस्तके इंग्रजीत, मुलाखत इंग्रजीत, आणि प्रोग्राम चुकला की मशीनसुद्धा इंग्रजीत पन्नास ओळींची तक्रार करते. आम्ही शिकत असताना ती तक्रार दिसली की स्क्रीनच बंद करत होतो. पुढे एका विद्यार्थ्यानेच आम्हाला शिकवले. ‘सर, सगळे वाचू नका, खालच्या बाजूला कॉज्ड बाय हे शब्द शोधा.’ त्या शब्दांपुढे बहुधा चुकीचे मूळ कारण असते. तेवढी एक ओळ शब्दकोश घेऊन वाचा. अशी रोज एक ओळ वाचली तरी वर्षभरात पुष्कळ भाषा कळू लागते.

आता तर प्रोग्राम एआयसुद्धा लिहून देतो, मग शिकायचे कशाला, असे मुले विचारतात. आमच्या फीचा प्रोग्रामही माणसाने लिहूनच दिला होता आणि एका कॉम्प्युटरवर तो बरोबरच चालत होता. दोन खिडक्या उघडल्यावर काय होईल, हे विचारणारे आमच्यात कोणी नव्हते. लिहून कोणीही देवो, ते तपासता आले पाहिजे.

शाळेतच करून पाहण्यासारखे

नववीपासून पुढच्या मुलांसाठी एक पाठ देत आहोत. कॉम्प्युटर लागत नाही. वहीच्या तीन पानांवर तीन तक्ते करा. पहिला विद्यार्थ्यांचा: क्रमांक, नाव, कक्षा. दुसरा पुस्तकांचा: दाखल क्रमांक, पुस्तकाचे नाव, लेखक. तिसरा देवघेवीचा: विद्यार्थ्याचा क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक, दिल्याची तारीख, परत आल्याची तारीख. तिसऱ्या तक्त्यात नावे लिहायची नाहीत, फक्त क्रमांक. मग सांगा, आज कोणती पुस्तके बाहेर आहेत? ज्या ओळीत परतीची तारीख कोरी, ती.

नावे का लिहायची नाहीत, यासाठी आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण आहे. २००३ मध्ये बुऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झाला. त्याआधी आपण पूर्व निमाड, म्हणजे खंडवा जिल्ह्यात होतो. ज्या रजिस्टरात प्रत्येक नावापुढे जिल्हा लिहिलेला, तेथे प्रत्येक ओळ दुरुस्त करावी लागणार. तहसिलींचा तक्ता वेगळा ठेवला असता आणि मुलापुढे फक्त तहसिलीचा क्रमांक असता, तर त्या तक्त्यात तेवढ्या तहसिलींपुढचे नाव बदलले की काम झाले. मात्र २००३ च्या आधी दिलेल्या टी.सी.वर जुनाच जिल्हा दिसला पाहिजे, कारण त्या दिवशी तोच खरा होता. मग तहसिलीच्या तक्त्यात आणखी काय लिहावे लागेल? याचे उत्तर आम्ही येथे देत नाही, तुम्ही शोधा.

आता खेळ. दोघे विद्यार्थी दोन खिडक्या व्हा. देवघेवीच्या वहीसाठी एकच पेन ठेवा. ज्याच्या हातात पेन त्यानेच वही पाहायची आणि लिहायची, दुसऱ्याने थांबायचे. हेच ते कुलूप. हे जमले की दोन वह्या आणि दोन पेन घ्या: निळे पेन देवघेवीच्या वहीचे, लाल पेन दंडाच्या वहीचे. एकाने निळे आधी उचलावे, दुसऱ्याने लाल, आणि दोघांनाही दोन्ही वह्यांत लिहायचे आहे असे ठरवा. दोघेही एकमेकांचे पेन सुटण्याची वाट पाहत बसतील आणि तास संपेल. याला डेडलॉक म्हणतात. मोठ्या बँकांच्या यंत्रणेतही हे घडते. त्यावर एक साधा उपाय आहे: सर्वांनी आधी निळे आणि मगच लाल उचलायचे, हा क्रम कोणीही मोडायचा नाही. खेळून पाहा, पुन्हा कोणी अडकत नाही. आमच्या अकरावीच्या मुलांना हे एका छुट्टीत समजले, पुस्तकातून दोन आठवड्यांत समजले नव्हते.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. यापुढचा अभ्यास कॉम्प्युटरवर करण्यासाठी नवीन मशीन घेण्याची गरज नाही. लिनक्स, ओपन-जेडीके आणि पोस्टग्रेएसक्यूएल हे सर्व मोफत मिळते आणि प्रयोगशाळेतल्या सध्याच्या मशीनवर चालेल. गरज आहे ती एका चांगल्या इन्व्हर्टरची आणि संगणकाच्या अध्यापकांना आठवड्यातून दोन तास मोकळे देण्याची. पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा.

सुरुवातीला उल्लेख केलेल्या विद्यार्थिनीच्या आईवडिलांना आम्ही हे सर्व दुसऱ्या दिवशी बोलावून सांगितले. क्लासचे पत्रक ते आमच्या टेबलावरच ठेवून गेले. मुलगी इंदूरच्या प्रवेशाची तयारी करीत आहे आणि दागिने घरी आहेत. अशी पत्रके ज्यांच्या घरी आली असतील त्यांनी पैसे भरण्यापूर्वी शनिवारी दुपारी दोननंतर ती घेऊन कार्यालयात यावे. विद्यार्थ्यांनी तीन तक्त्यांच्या वह्या त्याच वेळी संगणक कक्षात दाखवाव्यात, येताना निळे आणि लाल पेन आणावे.